तांबरमच्या पुढे सुटलेलं स्टिअरिंग

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या विजयादशमीला तांबरमच्या पुढे आमची घरगाडी रस्ता सोडून चिंचेच्या झाडाकडे निघाली, ती काकांचा हात चुकला म्हणून नव्हे. चूक माझी होती, आणि ती मला त्याच क्षणी कळली होती. घरात सगळे आजही काकांच्या हाताचंच नाव घेतात. काका स्वतः तेच धरून जगले आणि तेच धरून गेले.

आईवडील लहानपणीच गेल्यामुळे मी काकांकडे वाढलो. नुंगंबाक्कमला आमचं घर होतं. पुढे अंगण, मागे शेड. काका रेल्वेच्या कारखान्यात फोरमन होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांचं जे काही होतं ते सगळं माझ्याच वाट्याला आलं: रागावणं, शिकवणं, कौतुक. मी इंजिनियरिंग पास झालो तेव्हा त्यांनी गल्लीत घरोघरी पेढे वाटले आणि प्रत्येक दारात तमिळमध्ये एकच वाक्य म्हणाले, ‘आमचा इंजिनियर.’ शेजारी पुण्याहून बदलून आलेलं एक कुटुंब होतं. आमची तंजावरी मराठी ऐकून त्यांना गंमत वाटे. काका त्यांना म्हणायचे, तुमची मराठी नवी आहे हो, आमची अजून जुन्या मोडीत चालते.

घरगाडीची कल्पना काकूच्या मडीतून निघाली. मडी म्हणजे इकडचं सोवळं. काकूचं सोवळं कडक. परक्या हातचं पाणी नाही, हॉटेलातली कॉफी नाही, छत्रात म्हणजे धर्मशाळेत उतरणं नाही. तिचं माहेर तंजावरला. लग्नानंतर काही वर्षं ती रेल्वेने उपाशी जायची आणि उपाशी परत यायची. वय वाढलं तसं ते जमेना. मग तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे जॉर्ज टाउनच्या घाऊक गल्लीत हळद-मिरची आणायला जाणं, आणि तेही जेवणाच्या आत घरी.

काका निवृत्त झाले, आणि काही दिवसांनी कॉफी पिता पिता म्हणाले, ‘तुला स्वयंपाकघर सोडवत नाही ना? मग स्वयंपाकघरच बरोबर नेऊ.’

काकूला वाटलं थट्टा आहे. पण महिन्याभरात मागच्या शेडमध्ये एक जुनी लष्करी लॉरी येऊन उभी राहिली. युद्धानंतर असल्या गाड्या लिलावात निघत, आणि मग वर्षानुवर्षं या हातातून त्या हातात फिरत. तिच्या सांगाड्यावर काकांनी सागवानी फळ्यांचं घर चढवलं. खिडक्या मोडीत काढलेल्या आगगाडीच्या डब्याच्या, लाकडी झडपांच्या. मधे दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि त्याला वेगळं दार, म्हणजे चपला घातलेलं कुणी तिथून जायला नको. पाण्याला पितळी टाकी. छताखाली आडवी कळकाची काठी, मडीचं लुगडं वाळत घालायला. आणि काकूच्या हट्टापायी दोशाचं पीठ वाटायचा दगडी रगडा.

‘एवढा लोखंडाचा हत्ती,’ काकू शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘आणि त्याच्या पोटात बसून मी दोसे करायचे की?’

‘हत्ती माझा,’ काका फळीला रंधा मारता मारता म्हणाले. ‘पोट तुझं.’

गल्लीतली मुलं तिला वीडु लॉरी म्हणत. वीडु म्हणजे घर. आम्ही घरगाडी म्हणायचो. त्या दिवसांइतके सुखाचे दिवस आमच्या घरात फार नव्हते. संध्याकाळी मी कामावरून यायचो, शर्ट काढून खुंटीला टांगायचो आणि शेडमध्ये जायचो. मी एका बस-बॉडीच्या कारखान्यात नोकरीला होतो. बॉडी चढवलेल्या गाड्या फाटकापर्यंत नेऊन आणायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे लॉरी चालवता यायची. पण ही लॉरी काका मला चालवू देत नसत. ‘तुझी वेळ येईल,’ म्हणायचे. मला ते लागायचं. बोललो नाही कधी.

आता हाताचं सांगायला हवं. आदल्या वर्षी काकांना विषमज्वर झाला होता. त्यातून उठले, पण सकाळच्या वेळी उजव्या हाताची बोटं थोडी थरथरायची. काकूनं ते पाहिलं होतं. घरगाडी तयार झाली तेव्हा तिनं अट घातली, आणि मला साक्षीला बसवून घातली. रस्त्यात एकदा जरी हात चुकला, तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

काका म्हणाले, ‘कबूल. पण हात चुकला तर. गाडी चुकली तर ते माझ्या नावावर घालायचं नाही.’

‘कोण चुकलं हे ठरवणार कोण?’

‘मी,’ काका म्हणाले. ‘आयुष्यभर तेच केलंय.’

आणि खरंच, तेच केलं होतं. कारखान्यात डबा रुळावरून घसरला की चौकशीला काकांना नेत. त्यांची पद्धत ठरलेली होती आणि ती मला परवच्यासारखी पाठ होती: आधी रस्ता बघायचा, मग चाक, मग वजन, मग सांधे. माणसाला सगळ्यात शेवटी धरायचं. पहिल्यांदा माणसाला धरलं की बाकीचं कुणी बघतच नाही, म्हणायचे. पण बाकी सगळं चोख निघालं, तर मग माणसाला सोडायचंही नाही.

निघायचा दिवस विजयादशमीचा ठरला. आदल्या दिवशी सरस्वतीपूजा, आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. पुस्तकं, विळी, कात्री, पाने, हातोड्या, सगळं. चंदन-कुंकू लावतात. एकदा पूजेत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या एका दिवशी पुस्तक उघडायचं नाही, म्हणून लहानपणी आम्हाला तो सण फार आवडे.

पूजेच्या त्या सकाळी मी गाडीखाली होतो. स्टिअरिंगच्या पेटीतून एक लोखंडी हात खाली येतो. त्याला एक लांब दांडा जोडलेला असतो, आणि दांड्याचं दुसरं टोक पुढच्या चाकाला. दोन्ही टोकांना गोळ्याचा सांधा. सांधा नटानं आवळायचा, आणि नट हिसक्यांनी फिरून सुटू नये म्हणून त्याच्या खाचेतून एक बारीक पिन घालून तिचे पाय उलटे वळवायचे. तिला स्प्लिट पिन म्हणतात. दिसायला बायकांच्या केसातल्या आकड्यासारखी. मी चाकाकडचा सांधा उघडला, धुतला, नवं ग्रीस भरलं, परत बसवला, नट बोटांनी फिरवला. जुनी पिन मोडली होती. पाना आणि नवी पिन आणायला घरात गेलो, तर काकांनी सगळं आधीच पाटावर मांडून ठेवलेलं. पाने ओळीनं, पिनांचा डबा मधे, त्याच्या झाकणावरसुद्धा कुंकवाचं बोट.

मी हात पुढे केला तशी काकू म्हणाली, ‘पूजा झाली. आता उद्या.’

मी म्हटलं, एकच नट आवळायचा आहे.

‘मग तो नट काय आज रात्री कुठं पळून जातो? उद्या पुनर्पूजा झाली की पहिलं काम तेच कर. चांगलं असतं.’

यात तिची काही चूक नव्हती. मी हो म्हटलं, आणि वडा खायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जी धांदल उडाली ती विचारू नका. राहुकाळ लागायच्या आत निघायला हवं होतं. पुनर्पूजा झाली, पाने, पिनांचा डबा सगळं थैलीत गेलं, थैली गाडीत गेली. टाकीत पाणी भरायचं, शेगडी, कोळसा, लोणच्याच्या बरण्या, काकूचं देवघर. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारच्यांनी नारळ फोडला. काका कधी नव्हे ते पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले, लिंबं चिरडत गाडी फाटकाबाहेर पडली, आणि गल्लीतली मुलं वळणापर्यंत मागे धावली. त्या नटाची मला आठवणसुद्धा झाली नाही.

सैदापेटचा पूल गेला, गिंडी गेलं. काका खुशीत होते. मागच्या खिडकीतून काकू मोठ्यानं विचारायची, हे कुठलं गाव, ते कुठलं देऊळ, आणि काका एखाद्या गाइडासारखे उत्तरं द्यायचे, निम्मी बनवून. तांबरमला स्टेशनासमोर गाडी थोडी थांबवली. माणसं भोवती जमली. एकानं विचारलं, आत सर्कस आहे का? काका म्हणाले, आहे, पण आज फक्त वाघीण आलीय. आतून काकूनं पळी आपटली.

तांबरम सुटलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं, मधून मधून पावसानं भरलेली तळी. एक डावं वळण आलं. काकांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, आणि गाडी सरळच गेली. काकांनी आणखी फिरवलं. गाडी रस्ता ओलांडून उजवीकडच्या झाडाकडे निघाली, मग एकदम हिसका खाऊन डावीकडे वळली, पुन्हा सैल पडली. मागे भांड्यांचा मोठा आवाज झाला. काकांनी ब्रेकवर उडी मारली नाही. पाय उचलला, खालचा गिअर टाकला, आणि जशी जाईल तशी गाडीला जाऊ देत तिला कडेच्या चिखलात नेऊन टेकवली. झाड हाताच्या अंतरावर राहिलं.

‘मोकळं सुटलं,’ काका म्हणाले. ‘हातात काही राहिलंच नाही.’

आणि मला नट आठवला.

मागून काकूचा आवाज आला, घाबरलेला आणि रागावलेला. लागलं कुणाला? तिला लागलं नव्हतं. कळकाची काठी निसटून मडीचं लुगडं सगळ्या सामानावर पडलं होतं. ‘माझी मडी गेली की!’ असं ती दोनतीनदा म्हणाली, आणि मग तिनं विचारलं, ‘हात चुकला का?’

काका म्हणाले, ‘बघू.’

ते उतरले. आधी रस्ता. मागे चालत जाऊन त्यांनी वळणावरचे टायरचे वण पाहिले, बुटानं खडी घासून पाहिली. रस्ता कोरडा होता. तेल नाही, वाळू नाही. मग चाकं. प्रत्येक टायरवर लाकडी हातोडा मारून ते कान देऊन आवाज ऐकत होते. हवा बरोबर. मी मागे मागे चालत होतो. तोंड उघडायची प्रत्येक पायरीला संधी होती. टायर तपासून ते वजन बघायला स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले, तेव्हा मी पान्यांची थैली उचलली आणि म्हटलं, ‘काका, तोवर मी सांधे बघतो.’

‘बघ,’ ते म्हणाले. ‘इंजिनियरचं काम ते.’

मी चिखलात पाठीवर सरकत गाडीखाली गेलो. नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. गोळ्याचा दांडा आपल्या जागेतून निम्मा वर निघाला होता. आणखी थोडं गेलो असतो तर पुरता निसटला असता, आणि मग काकांचा हातच काय, कुणाचाच हात उपयोगाचा नव्हता. मी एक हाक मारली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. काका रागावले असते, खूप रागावले असते, आणि मग संध्याकाळपर्यंत हसले असते.

वर त्या दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं. रगडा जागचा सरकून डाव्या भिंतीला टेकला होता. काका विचारत होते, हा आधी सरकला की नंतर? आधी सरकला असेल, तर वजन एका बाजूला गेलं आणि गाडी ओढली गेली, असं म्हणता येईल. मी खाली श्वास धरून पडलो होतो. आधी सरकला असं ती म्हणाली असती तर आम्ही तिघंही सुटलो असतो. नवऱ्याला वाचवायला एवढं म्हणणं काही फार नव्हतं. पण काकू म्हणाली, ‘नंतर. माझा पाय त्याला लावलेला होता. हिसका बसला, मग दगड गेला.’

मी सांधा दाबून बसवला. नट आवळला, सगळं बळ लावून. डब्यातली नवी पिन घातली, पाय वळवले. पिन नवी असल्यामुळे चकाकत होती. तिच्यावर मी ग्रीस फासलं आणि ग्रीसवर चिखल.

बाहेर आलो. काका वाट बघत उभे होते.

‘काय?’

‘काही नाही. सगळं घट्ट आहे.’

‘हलवून बघितलंस?’

‘बघितलं.’

ते वाकू लागले, तशी काकू वरून म्हणाली की कमर धरेल, तो बघून आलाय ना. काका सरळ झाले. ‘हो. त्यानं बघितलंय,’ म्हणाले. मग वर चढून त्यांनी स्टिअरिंग अगदी हळू डावी-उजवीकडे फिरवलं आणि मला चाकांकडे बघायला सांगितलं. स्टिअरिंग हललं की चाकं हलत होती, लगेच.

‘दोन बोटांचा प्ले,’ ते म्हणाले, म्हणजे स्टिअरिंगची ढील. ‘एवढा हवाच. मग तेव्हा मोकळं का लागलं?’

हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. त्यांनी तो स्टिअरिंगला विचारला, आणि मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. हात मांडीवर उलटा ठेवून बघत राहिले. त्यांच्या हाताला जे कळलं होतं ते खरं होतं. पण पद्धत उलटं सांगत होती, आणि जन्मभर त्यांनी माणसाच्या सांगण्यापेक्षा पद्धतीवर विश्वास ठेवला होता. त्या पद्धतीत एकच उत्तर खोटं होतं. ते माझं होतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा तपासलं नाही.

‘मग आता माणूस उरला,’ काका म्हणाले.

अटीची आठवण काकूनं करून दिली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. तिनं फक्त लोटाभर पाणी पुढे केलं. काका पाणी प्याले, खाली उतरले, पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले.

‘बस,’ मला म्हणाले. ‘तुझी वेळ आली.’

मी का बोललो नाही, याची दोन कारणं आहेत. एक मी स्वतःला लगेच सांगितलं होतं. काकांच्या हाताखाली एकदा एका फिटरची पिन घालायची राहिली होती. ती गोष्ट ते घरी सांगत तेव्हा शेवट असा करत की पिन विसरणाऱ्या माणसाला चाकाजवळ येऊ देऊ नये. मला ‘आमचा इंजिनियर’ राहायचं होतं. दुसरं कारण कबूल करायला मला निम्मं आयुष्य लागलं. मला ती गाडी चालवायची होती. गाडीखाली खोटं ठरवताना ते मनात होतं, असं मी म्हणणार नाही. पण काका ‘बस’ म्हणाले आणि ते गरम झालेलं स्टिअरिंग माझ्या हातात आलं, तेव्हा मला आनंद झाला. भीती होती, लाज होती, आणि त्यांच्या खालून स्वच्छ आनंद. तो मला अजून जसाच्या तसा आठवतो.

गाडी सुतासारखी सरळ गेली. जाणारच. थोड्या वेळानं काका समोर बघत म्हणाले, ‘बघ. गाडीला काही झालेलंच नाही.’

पुढचा प्रवास वाईट झाला, असं सांगितलं तर मी आणखी एक खोटं बोलेन. फार छान झाला. चेंगलपट्टूच्या तळ्याकाठी आम्ही गाडी लावली, काकूनं तळ्यात बुडी मारून ओल्या लुगड्यानं पुन्हा मडी धरली आणि शेगडी पेटवली. आंबट ताकाची मोरकुळंबू, म्हणजे इकडची कढी, भात, भाजलेला पापड. काकू आपल्या स्वयंपाकघराच्या दारात बसून दुसऱ्याच गावचं पाणी बघत होती आणि तिला तो चमत्कार पुरता कळत नव्हता. मधेच उठायची, भांडी मोजायची, परत येऊन बसायची. ‘हे तळं आपलं की त्यांचं?’ असंही विचारलं. काका म्हणाले, आज आपलं.

दुसऱ्या दिवसापासून काका माझ्या शेजारी बसले नाहीत. मागे जाऊन काकूजवळ बसू लागले. ती शेंगा सोलायची, ते तिला दाणे वेगळे करून द्यायचे. तिला खिडकीतून दिसेल ते दाखवायचे. पुढे मला त्यांचं हसणं ऐकू येई. काकू नंतर कितीतरी वेळा म्हणाली की लग्नानंतर हे दिवसा एवढा वेळ माझ्याजवळ पहिल्यांदाच बसले. तंजावरला तिनं आपली गल्ली बघितली, माहेरच्या घरात आता दुसरीच माणसं होती, त्यांनी तिला ओळखलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. अंगणातली विहीर तीच आहे म्हणाली, आणि परत येऊन आपल्या टाकीतलं पाणी प्याली.

त्यानंतरची काही वर्षं आम्ही दर सुट्टीत निघायचो. रामेश्वर, श्रीरंगम, एकदा थेट म्हैसूर. प्रत्येक वेळी मी पुढे आणि ती दोघं मागे. माझं लग्न झालं, तेव्हा बायकोलाही त्याच गाडीतून घरी आणलं. या सगळ्याला दुःख म्हणता येत नाही, आणि म्हणूनच सांगणं आणखी अवघड होत गेलं. दर वर्षी वाटायचं, आता सांगून काय मिळणार? सगळे सुखात आहेत.

पण काकांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि तेवढ्यावर ते थांबलं नाही. घरातलं घड्याळ उघडून दुरुस्त करायचे, ते बंद केलं. मग सायकल चालवणं. एके दिवशी पान्यांची थैली माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, आता तुझी. त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं, एखादी चौकशी पुरी करून कागद बंद करावा तसे दिसत होते. ज्या हातांनी ते घर फळीफळीनं जोडलं, त्या हातांना त्यांनी स्वतःच रजा दिली, माझ्या शब्दावर.

पुढे घरगाडी जुनी झाली. सांगाडा विकला, वरचं लाकडी घर उतरवून अंगणात ठेवलं. काका दुपारी त्यात बसून पेपर वाचायचे. एका दुपारी तिथंच झोपेत गेले. पेपर नीट घडी करून बाजूला ठेवलेला होता. असं मरण सगळ्यांना मिळत नाही, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच आहे.

काकू आता थकली आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. मडी बरीच सैल झाली. माझ्या मुलीच्या हातची कॉफी पिते आणि साखर कमी म्हणून तिला बोलते. परवा ती आणि मी दोघंच ओसरीवर होतो. ती म्हणाली, हे शेवटपर्यंत ताक गडूतून पेल्यात काठोकाठ ओतून घ्यायचे, आठवतं? मी हो म्हटलं.

‘कधी थेंब सांडला नाही. मी रोज बघायचे.’ मग म्हणाली, ‘ज्याचा हात चुकतो, त्याचं ताक सांडेल की रे?’

मी म्हटलं, हात काही रोज चुकत नाही.

‘तू खाली गेला होतास. खरंच काही नव्हतं?’

तिचा आवाज साधा होता. संशय नव्हता त्यात. मला वाटतं, तिला स्वतःबद्दल शंका होती. आपण अट घालून त्यांच्या हातातलं उगाच काढून घेतलं का, ही शंका. ती ते इतकी वर्षं मनात घोळवत असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

‘काही नव्हतं, काकू,’ मी म्हटलं. पुन्हा तेच.

‘सेरी,’ ती म्हणाली. म्हणजे बरं. आणि आत गेली.

तेव्हापासून मी हे लिहायला बसलो आहे. काकांना द्यायचं ते आता देता येत नाही. काकूला द्यायचं आहे ते एवढंच: त्या दिवशी नट मी सैल ठेवला होता, तो मीच गुपचूप आवळला, आणि काकांच्या हातात काही दोष नव्हता. हे तिच्यासमोर बसून तोंडानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.